काठावर पास

उन्हाळा लागला की सोलापूर जिल्ह्यात माणसं एकमेकांच्या तब्येतीआधी उजनीची चौकशी करतात. "किती टक्के?" एवढं विचारलं तरी भागतं, कशाचे टक्के, हे कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. पोटात ११७ टीएमसी पाणी मावतं, पण शाळेतलं अंकगणित त्याला लागू पडत नाही. पाऊस चांगला झाला की उजनी १११ टक्के भरते. मे महिन्यात कधी ती वजा पन्नासच्याही खाली उतरते, तरी तिच्यात होड्या चालतात आणि बाजारात चिलापी मासा मिळतो. ऋण संख्या म्हणजे काय, हे इथल्या पोरांना गुरुजींआधी वर्तमानपत्र शिकवतं.

करमाळा तालुक्याच्या दक्षिण-पश्चिमेला, कंदर-केत्तूरकडच्या पट्ट्यात, या धरणाच्या फुगवट्यानं आधी ऊस दिला, मग केळी दिली. केळीचे कंटेनर आखातात गेले, तिकडून पैसे आले, पैशातून बंगले उठले, आणि अलीकडे एखाद्या बंगल्यामागे निळ्या फरशीचा स्विमिंग टँकही दिसू लागला. असल्या टँकचा मालक बहुधा कुणाचा तरी अण्णा, आबा किंवा तात्या असतो. लेखाच्या सोयीसाठी अण्णा धरू. हे अण्णा एकट्या करमाळ्याचे नाहीत. बार्शी, अकलूज, बारामती, कुठंही थोड्याफार फरकानं भेटतील. त्यांच्या घरात उजनीच्या टक्क्याखेरीज दुसरा एक आकडा ठाण मांडून बसलेला असतो, आणि त्याची गंमत अशी की तो काही केल्या वजा होत नाही.

अण्णांची पिढी विहिरीत पोहायला शिकली. पाठीला रिकामा डबा किंवा वाळका भोपळा बांधायचा आणि थोरल्या चुलत्यानं मागून ढकलायचं, एवढाच अभ्यासक्रम. पाण्याची तपासणीही एकच होती: बेडूक पोहताना दिसला की पाणी बरं. करमाळ्यात रावरंभा निंबाळकरांनी अठराव्या शतकात बांधलेलं कमलाभवानीचं देऊळ आहे, त्याच्याजवळ ९६ पायऱ्यांची विहीर आहे. ती बांधणाऱ्यांना पाण्याचा पीपीएम कुणी विचारला नसावा. एवढ्या खोल पाण्यावर ऊन पोचतं तेच मुळी सूर्य डोक्यावर आल्यावर, तेही घटकाभर. बंगल्यामागच्या टँकचं तसं नाही. चार-साडेचार फूट पाणी, वर छप्पर नाही, आणि समोर करमाळ्याचं ऊन.

या उन्हाचं आणि क्लोरीनचं जुनं वैर आहे. सकाळी आठला टाकलेला क्लोरीन उघड्या पाण्यात दुपारच्या जेवणापर्यंतसुद्धा टिकत नाही. कडक उन्हातली अतिनील किरणं तासाभरात त्यातला निम्म्याहून अधिक मोडून टाकतात. अण्णा ओततात, सूर्य पितो. आठवडाभर हा व्यवहार चालल्यावर अण्णांनी पुण्याच्या कंत्राटदाराला फोन लावला.

"अण्णा, तुमच्या पाण्यात स्टॅबिलायझर नाही."

(फ्रिजशेजारच्या खोक्याशी याचा संबंध नाही. तो विनोद तालुक्यात करून झालेला आहे.)

या स्टॅबिलायझरचं खरं नाव सायन्युरिक ॲसिड. पांढरी पावडर, वास नाही. पाण्यात ती क्लोरीनला सैलसर धरून ठेवते. धरलेल्या क्लोरीनवर उन्हाचा जोर चालत नाही, आणि लागेल तसा तो थोडाथोडा सुटत राहतो. उघड्या टँकमध्ये ती ३० ते ५० पीपीएम, म्हणजे लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम, असावी, असं सर्वसाधारण माप आहे. पीपीएमला अण्णा घाबरले नाहीत. द्राक्षाच्या घडांवर जीए मारणाऱ्या जिल्ह्यात पीपीएम हा शब्द चहाच्या टपरीवर चालतो. त्यांना आवडलं ते पुढचं. कंत्राटदार सहज बोलून गेला की ही पावडर कारखान्यात युरिया तापवून करतात.

"युरिया? मग आधी नाही का सांगायचं! शेडमध्ये चार पोती पडल्यात."

पंचेचाळीस किलोचं पोतं गड्यानं टँकच्या काठापर्यंत आणलंही होतं. फोनवरचा आवाज किंचाळण्याच्या पट्टीत गेला म्हणून पुढचं टळलं. युरिया तसाच पाण्यात टाकला तर तो क्लोरीनशी भांडतो आणि त्यातून क्लोरामाइन नावाची डोळे झोंबवणारी, नाक मुरडायला लावणारी मंडळी तयार होतात. सार्वजनिक तलावावर 'क्लोरीनचा वास फार येतो' म्हणून जी तक्रार असते, तो वास बहुतेक वेळा क्लोरीन जास्त झाल्याचा नसतो. पोहणाऱ्यांचा घाम आणि पोहणाऱ्यांनी पाण्यात केलेल्या, पण कबूल न केलेल्या गोष्टी यांच्याशी क्लोरीनचं जे होतं, त्याचा तो वास असतो. तेव्हा टँकमध्ये युरिया घालण्याची वेगळी तजवीज करावी लागत नाही. नातवंडं ती सोय घरबसल्या करतात.

पावडर कुरिअरनं आली. चाळीस हजार लिटरच्या टँकला ४० पीपीएमसाठी दीड-पावणेदोन किलो पुरते. पण ती विरघळायला फार सुस्त. तिला कापडात बांधून, जिथून फिल्टरचं पाणी परत टँकमध्ये येतं त्या तोंडासमोर लोंबकळत ठेवायचं, अशी रीत आहे, आणि त्यासाठी जगभर पायमोजा वापरतात. अण्णांनी नातवाचे शाळेचे पांढरे मोजे घेतले. नवा टँक बघायला आलेल्या पाहुण्यांना पहिल्यांदा दिसले ते पाण्यात तरंगणारे, गुडघ्यापर्यंत भरलेले दोन मोजे. "पोरगं कुठाय?" असं एक मावशी इतक्या घाबऱ्या आवाजात ओरडल्या की खुद्द नातू आंब्याच्या झाडावरून खाली उतरून आला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढची चूक अण्णांची एकट्याची नाही, ती गोळ्यांच्या डब्याची आहे.

रोज द्रवरूप क्लोरीन ओतायचा कंटाळा येतो, म्हणून बाजारात टीसीसीए ९० नावाच्या गोळ्या मिळतात. एक गोळी २०० ग्रॅमची. तरंगत्या डबीत ठेवली की आठवडाभर हळूहळू विरघळते. आळशी माणसासाठी याहून मोठा शोध नाही. डब्यावर क्लोरीन नव्वद टक्के असल्याचं ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं. त्याच गोळीत अर्ध्याहून जास्त वजनाचं सायन्युरिक ॲसिडही पोटातून येतं, हे मात्र इतक्या बारीक अक्षरांत की ते वाचायला मोतीबिंदू काढून यावं लागतं. हिशोब साधा आहे. एका गोळीमागं चाळीस हजार लिटरमध्ये स्टॅबिलायझर पावणेतीन पीपीएमनं वाढतो. आठवड्याला दोन गोळ्या म्हटल्या तर चार महिन्यांत नव्वदीच्या पुढं. आधीचे मोज्यातले चाळीस वेगळे.

क्लोरीन उन्हात उडतो, जंतू मारताना खर्च होतो. स्टॅबिलायझर कुठंच जात नाही. ऊन त्याला मोडत नाही, फिल्टर त्याला अडवत नाही, आणि पाण्याची वाफ झाली तरी तो मागं राहतो. लग्नघरी आलेला दूरचा पाहुणासुद्धा पूजा आटोपली की पिशवी उचलतो. याला तेवढीही घाई नसते.

एका सकाळी टँक हिरवा झाला.

गावात बातमी आधी पोचली, अण्णा नंतर उठले. दहा वाजेपर्यंत काठावर सल्लागार समिती बसली होती. शेजारचे तात्या म्हणाले, "मोरचूद टाका. आमच्या विहिरीतलं शेवाळ एका दिवसात गेलं होतं." कृषी सेवा केंद्रातल्या पोरानं तुरटी सुचवली, कारण त्याच्याकडे तुरटी होती. तुरटीनं गाळ खाली बसतो, हे खरं. मोरचुदानं शेवाळ मरतं, हेही खरं. पण तांबं पाण्यात साचत जातं आणि पिकल्या केसांवर हिरवट झाक आणतं, हे तात्यांनी सांगितलं नाही. तात्यांना टक्कल आहे.

मग ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला बोलावणं गेलं. गावाच्या टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर टाकणं आणि नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करणं हे त्याचं काम. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पिवळं झालं की क्लोरीन आहे. गावाच्या नळाला शेवटच्या टोकाशी ०.२ पीपीएम निघालं तरी पाणी पास होतं. अण्णांच्या पाण्यात थेंब पडताच नळी हळदीच्या वाटीसारखी पिवळीजर्द झाली.

"अण्णा, क्लोरीन मरणाचं आहे की!"

"मग शेवाळ कसं मरंना?"

"ते मला काय ठाऊक? माझ्या कागदावर तुमचं पाणी पास आहे."

खुलासा असा की, स्टॅबिलायझर बेसुमार वाढला की तो क्लोरीनला सोडतच नाही म्हटलं तरी चालेल. क्लोरीनचं अस्तित्व चाचणीत दिसतं, शेवाळाला मात्र त्याचा उपद्रव होत नाही. अडचणीत आलेल्या पतसंस्थेतल्या ठेवीसारखं हे आहे: पासबुकात रक्कम बरोबर, हाताला काही लागत नाही. टँक सांभाळणाऱ्या जाणत्या लोकांचा एक ठोकताळा आहे. मोकळा क्लोरीन स्टॅबिलायझरच्या साधारण साडेसात टक्के ठेवावा. म्हणजे ४० पीपीएमला ३ क्लोरीन पुरतो, १३० झाला की जवळजवळ १० लागतो. तालुक्यातल्या ज्योतिष्यांना या ठोकताळ्याचा पत्ता लागलेला नाही; साडेसातीवर इतका वैज्ञानिक आधार त्यांना दुसरीकडे मिळणार नाही.

तर आता मोजणं आलं.

पहिला प्रयोग कागदी पट्ट्यांचा. पट्टी पाण्यात बुडवायची आणि डब्यावरच्या रंगांशी ताडून बघायची. स्टॅबिलायझरचे रंग फिक्या नारिंगीपासून गडद गुलाबीपर्यंत जातात, आणि मधल्या छटा अशा की पुरुषांना सगळ्या सारख्याच दिसतात. अण्णा म्हणाले, "गुलाबी." अण्णांच्या मंडळींनी, म्हणजे काकूंनी, लांबूनच सांगितलं, "ती गुलाबी नाही, ती अबोली. आणि डब्यावरची आहे ती डाळिंबी. सोलापूरच्या पेठेत उभी हयात गेली माझी, मला शिकवू नका." काकूंचं निदान बरोबर होतं, पण अबोली म्हणजे किती पीपीएम, हे सोलापूरच्या पेठेतही कुणी सांगत नाही. पट्ट्या बाद.

दुसरा प्रयोग ठिपक्याचा. हा खरा नामी. एका बाटलीत टँकचं पाणी आणि तेवढंच औषध घ्यायचं. औषध म्हणजे मेलामाइन. हो, ज्याची ताटं-वाट्या असतात त्याच घराण्यातलं. मेलामाइन आणि सायन्युरिक ॲसिड भेटले की न विरघळणारे बारीक कण होतात आणि पाणी दुधाळ दिसू लागतं. (ही जोडी बाटलीबाहेर भेटू नये. २००७ साली अमेरिकेत कुत्र्यामांजरांच्या खाद्यात या दोन्ही गोष्टी सापडल्या. त्यांचे खडे मूत्रपिंडात अडकून कितीतरी मुकी जनावरं दगावली.) मग तळाशी काळा ठिपका असलेली उभी नळी घ्यायची, हे दुधाळ पाणी तिच्यात थोडंथोडं ओतत जायचं आणि वरून बघत राहायचं. ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं आणि पाणी कुठल्या रेघेपर्यंत आलं ते वाचायचं. स्टॅबिलायझर जितका जास्त तितकं पाणी जास्त दुधाळ, तितका ठिपका लवकर गडप. म्हणून १०० ची रेघ तळाजवळ असते आणि ३० ची वर.

माहितीपत्रकात आणखी लिहिलं होतं: चाचणी घराबाहेर, भर उजेडात करावी. पाठ सूर्याकडे असावी. नळी कमरेच्या उंचीवर, आपल्याच सावलीत धरावी. पाणी फार गार किंवा फार गरम नसावं. अण्णा अंगणात सूर्याकडे पाठ करून नळीत मान घालून उभे राहिले, तेव्हा रस्त्यानं जाणाऱ्या दोघांनी चपला काढून नमस्कार केला.

"दिसतोय का?" काकूंनी विचारलं.

"दिसतोय."

"आता?"

"अंधुक."

"आता?"

"आहे असं वाटतंय."

"अवो, वाटतंय काय? आहे का नाही?"

अडचण अशी की एकदा बघितलेला ठिपका डोळ्यांपुढून हलत नाही. टक लावून बघत राहिलं तर तो गेल्यावरही दिसतो. म्हणून कंत्राटदारानं फोनवर बजावलं, "टक लावू नका. झटकन बघा आणि नजर काढा." अण्णा म्हणाले, "आख्खी नळी बघायलाच तर आणलीय!" आणि परत टक लावली. त्यात अण्णांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. त्यांना ठिपका शंभरच्या रेघेवरच हरवला. काकूंना सत्तरवर. पुण्याहून सुटीला आलेल्या नातवाची नजर कोवळी, पण टक त्यानंही लावलेली. त्याला पन्नासपर्यंत लख्ख दिसत होता. तात्यांना चष्मा घरी राहिल्यामुळं ठिपका मुळात दिसलाच नाही, पण त्यांनी मत नोंदवलं.

यावर जे झालं ते ग्रामसभेच्या परंपरेला धरूनच. चार आकड्यांची सरासरी काढावी, अशी सूचना आली. मालकाचं मत दोन धरावं, अशी उपसूचना आली. शेवटी सत्तर हा आकडा बहुमतानं मंजूर झाला आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाखाली लिहिला गेला.

रात्री अण्णांना झोप लागेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकट्यानं चाचणी केली आणि पुन्हा शंभर आले. या खेपेला त्यांचा चेहरा उजळला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना शंभरपैकी शंभर मिळाले होते. पेढे आणावेत का, असा विचार चालू असताना नातवानं पत्रकाची मागची बाजू वाचून दाखवली. शंभर ही नळीवरची शेवटची रेघ आहे. त्यापुढं एकशेतीस असो की तीनशे, नळी शंभरच दाखवणार. खरा आकडा हवा असेल तर टँकच्या पाण्यात तेवढंच साधं पाणी मिसळायचं, चाचणी करायची आणि उत्तर दुप्पट करायचं. नातवानं तसं केलं. पासष्ट आले. दुप्पट केले तर एकशेतीस.

"म्हणजे मी नापास?"

"आजोबा, याच्यात पस्तीसला पास. जास्त पडले की नापास."

उभ्या महाराष्ट्रात पस्तीस मार्क मिळवून अपराधी वाटून घेतलेल्या पिढ्या आहेत. काठावर पास झालेल्या मुलाचा फोटो कुठल्याच क्लासच्या फलकावर लागत नाही. इथं पाणी मात्र काठावरच पास झालं पाहिजे. पहिल्या वर्गात आलं की शेवाळ धरतं. हे पचायला अण्णांना दोन कप चहा लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक पुस्तिकेतही पोहण्याच्या पाण्यात सायन्युरिक ॲसिड १०० च्या वर जाऊ नये असंच म्हटलंय, हे नातवानं मोबाइलवर दाखवलं. अण्णा म्हणाले, "त्यांच्याकडे उजनी आहे का?" या प्रश्नाचा संबंध कुणालाच कळला नाही, पण सगळ्यांनी मान हलवली.

उपाय एकच: पाणी काढायचं आणि नवं भरायचं. कुठलंही औषध नाही, मंत्र नाही. एकशेतीसचे चाळीस करायचे तर चाळीस हजार लिटरपैकी सत्तावीस-अठ्ठावीस हजार लिटर बाहेर. आणि महिना कुठला? मे. तालुक्यात पाच हजार लिटरच्या टँकरसाठी लोक ट्रॅक्टरवाल्याला सकाळ-संध्याकाळ फोन करतायत, अशा वेळी अण्णा सहा टँकर पाणी सोडून देणार. जिल्ह्याचा वार्षिक पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास; त्याच्या जोरावर पाणी ओतून देण्याचं धाडस कुणी करत नाही, आणि केलंच तर दिवसा करत नाही.

काकूंनी मृगाची वाट बघायला सांगितलं. पावसाचं पाणी पडेल, टँक ओसंडेल, आपोआप पातळ होईल. विचार बरोबर होता. मात्र मृगाचा भरवसा करमाळ्यात मृगालाही नसतो. कंत्राटदारानं नवीनच भीती घातली: जमिनीत पाणी वर आलेलं असेल तर रिकामा टँक खालच्या दाबानं उचलला जातो, भेगा पडतात. हे ऐकून गडी इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मे महिन्यात करमाळ्यात टँक उचलण्याइतकं भूजल कुणाच्या जमिनीत निघालं असतं, तर त्याचा सत्कार झाला असता.

शेवटी रात्री मोटर लागली आणि पाणी केळीच्या बागेत गेलं. त्याआधी अण्णांनी गोळ्यांची डबी आठवडाभर बाहेर काढून ठेवली होती. जो मोकळा क्लोरीन होता तो तेवढ्यात खर्चला, आणि उरलेलं सायन्युरिक ॲसिड मातीतले जिवाणू मोडून खातात. त्यात वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश नत्र असतं. काही झालं तरी ते युरियाचंच पोर. तरीही सकाळी तात्या कुंपणाशी हजर होते.

"अण्णा, केळी लई पोहून आल्यासारखी दिसतीय."

नवं पाणी बोअरचं भरलं. त्यात क्षार इतके की फरशीवर पांढरा थर बसू लागला. पण तो वेगळा आजार, त्याची वेगळी नळी, वेगळे थेंब आणि वेगळी ग्रामसभा. ठिपक्याच्या चाचणीत मात्र या खेपेला चाळीस आले, तेही सगळ्यांच्या डोळ्यांना. आता अण्णा रोज संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट मापून टाकतात. त्यात स्टॅबिलायझर नसतो, त्यामुळे आकडा वाढत नाही. गोळ्या फक्त गावाला जाताना. तपासणी आठवड्यातून एकदा क्लोरीनची, महिन्यातून एकदा ठिपक्याची. आणि ठिपका बघायचा अधिकार घरात एकट्या नातवाला. तो पुण्याला गेला की ते काम जलसुरक्षकाच्या पोरीकडे जातं. तिला चष्मा नाही आणि मत मांडण्याची हौसही नाही.

ज्यांच्या घरी टँक आहे किंवा होऊ घातला आहे, त्यांना एक गोष्ट मात्र हसण्यावारी न नेता सांगायची. टीसीसीएच्या गोळ्या आणि ब्लिचिंग पावडर या दोन्ही वस्तू क्लोरीनच्याच असल्या तरी एकत्र आल्या की पेट घेतात, स्फोटही होतो. ओलावा लागला तर आणखी लवकर. शेतावरच्या शेडमध्ये दोन्ही एकाच फळीवर, एकाच मगानं काढल्या जातात. त्या वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा, काढायला दोन वेगळे मग घ्या, दोन्ही कोरडे ठेवा, आणि गोळ्यांच्या तरंगत्या डबीत ब्लिचिंगचा चमचाही टाकू नका.